ब्रेन हॅमरेज होऊन गेल्यावर रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा घ्यायची का?

फायलीत दोन कागद असतात. पहिला बेळगावच्या हृदयरोगतज्ज्ञांचा: ठोके अनियमित आहेत, रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवा, एकही दिवस चुकवू नका. दुसरा कोल्हापूरच्या नाहीतर मिरजेच्या रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्जचा: मेंदूत रक्तस्राव, रक्त पातळ करणारी गोळी बंद. दोन्ही कागद आपापल्या दिवशी बरोबरच होते. फाईल मांडीवर घेऊन बसलेली सून मात्र विचारते, "डॉक्टर, मामांची ती गोळी आता कायमची बंद, की परत चालू करायची? कुणी नीट सांगतच नाही बघा."

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या माणसांकडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. कुणी नीट सांगत नाही याला एक कारण आहे. अगदी अलीकडेपर्यंत या प्रश्नावर भक्कम अभ्यासच झालेला नव्हता, डॉक्टर आपापल्या अनुभवावर निर्णय घेत होते. 2025 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका युरोपीय अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले आणि बऱ्याच गोष्टी उजेडात आल्या. त्या समजून घ्यायच्या तर आधी थोडं मुळापासून सुरू करावं लागेल.

## लकवा दोन तऱ्हांनी येतो

तोंड वाकडं होतं, हात-पाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं. आपण म्हणतो, लकवा मारला. पण आत मेंदूत दोन अगदी उलट गोष्टींपैकी एक घडलेली असते. एकतर रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त बंद झालेलं असतं, नाहीतर रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरलेलं असतं. या दुसऱ्या प्रकाराला आपण ब्रेन हॅमरेज म्हणतो. बाहेरून बघून कुणालाही, अगदी डॉक्टरलाही, फरक खात्रीने ओळखता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

गुठळी झाली तर रक्त गोठू न देणारं औषध हवं. रक्तस्राव झाला तर तेच औषध घातक. एकाच माणसाला दोन्हींचा धोका असेल तर काय करायचं, हा आपला विषय.

## अनियमित ठोक्यांचा मेंदूशी काय संबंध?

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन रक्त गोळा करतात आणि खालच्या दोघांत ढकलतात. वय वाढलं, रक्तदाब वर्षानुवर्षं चढाच राहिला, झडप खराब झाली, की काहींच्या बाबतीत वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. या आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर थोडक्यात 'एएफ' म्हणतात. मनगटावर तीन बोटं ठेवली तर कळतं: दोन ठोके भराभर येतात, मग एक उशिरा, मग एक इतका हलका की बोटाला लागतो न लागतो. कशाचा कशाला मेळ नाही. ईसीजी काढला की नक्की होतं. पुष्कळांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही, आणि इथेच घात होतो.

उसाला ठिबक केलेल्या शेतकऱ्याला पुढचं लगेच कळेल. मोटर एका दाबाने चालली तर पाणी सरळ वाहतं. दाब सारखा कमी-जास्त झाला की पाईपच्या वळणात पाणी रेंगाळतं, गाळ बसतो. मग कधीतरी दाब येतो, तो गाळ सुटतो आणि पुढे जाऊन ड्रिपरचं बारीक भोक बंद करतो. पाईप आहे तिथेच, पण ऊस वाळतो तो लांब दुसऱ्या टोकाला. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवीसारखी खोबण असते. ठोके बिघडले की रक्त त्या खोबणीत रेंगाळतं आणि गोठतं. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत दहातल्या नऊ गुठळ्या तिथेच सापडतात. गुठळी सुटली की तिची वाट बहुतेक वेळा वर, मेंदूकडे.

एएफ असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. सगळ्यांना सारखा नसतो. वय 75 च्या पुढे असेल, पूर्वी गुठळीचा लकवा होऊन गेला असेल तर तो जास्त. रक्तदाब, साखर, हृदय कमकुवत असणं, यांतली प्रत्येक गोष्ट त्यात आणखी भर घालते. डॉक्टर यांचे गुण मांडून बेरीज करतात. मधल्या दर्जाच्या बेरजेतही उपचाराशिवाय वर्षाला शंभरातल्या चार-पाच जणांना लकवा होऊ शकतो, आणि हा हिशेब दरवर्षी नव्याने लागू होतो.

## "एकदा मेंदूत रक्त सांडलंय, मग ती गोळी परत कशाला?"

हा सगळ्यात पहिला आक्षेप, आणि तो घेणाऱ्याचं मी कधीच चुकीचं म्हणणार नाही. ज्याने वडिलांना आयसीयूत बघितलंय त्याला त्या गोळीची पट्टी बघूनही धडकी भरते.

पण बघा, रक्तस्राव झाला म्हणून ठोके सुधारले का? नाही. खोबणीत रक्त रेंगाळणं थांबलं का? तेही नाही. गोळी बंद केली त्या दिवसापासून एक धोका कमी झाला आणि दुसरा वाढला. रक्तस्राव डोळ्यांसमोर घडलेला असतो, म्हणून तो मोठा वाटतो. गुठळी अजून घडलेली नसते, म्हणून ती हिशेबात येत नाही. त्यात आणखी एक अडचण. गुठळीचा लकवा झाल्यावर साडेचार तासांच्या आत ती विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं, पण ज्याच्या मेंदूत आधी रक्तस्राव होऊन गेलाय त्याला ते सहसा देत नाहीत. मोठ्या केंद्रात तारेने गुठळी ओढून काढता येते, पण तिथे वेळेत पोचणं आणि गुठळी मोठ्या वाहिनीत असणं, दोन्ही जमून यावं लागतं. म्हणजे याच रुग्णांना उपचाराचे मार्ग कमी, आणि म्हणून आधीच काळजी घेणं त्यांच्यासाठी जास्त मोलाचं.

डिस्चार्जच्या कागदावरचं 'बंद' हे बहुतेक वेळा 'तूर्त बंद' असतं. कधीपर्यंत, हे लिहायचं राहून जातं आणि घरचे ते कायमचं धरतात. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. विचार करून बंद ठेवलेली गोळी मला मान्य आहे. कुणीच विचार केला नाही म्हणून बंद राहिलेली गोळी मान्य नाही.

## लॅन्सेटमधल्या अभ्यासात काय निघालं

अभ्यासाचं नाव प्रेस्टीज-एएफ. युरोपातले सहा देश, 319 रुग्ण. सगळ्यांना एएफ, सगळ्यांना मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट केले. एका गटातल्या 158 जणांना नव्या पिढीची रक्त पातळ करणारी गोळी दिली, दुसऱ्या गटातल्या 161 जणांना दिली नाही.

गुठळीचा लकवा: गोळीच्या गटात 1, बिनगोळीच्या गटात 20.

मेंदूत पुन्हा रक्तस्राव: गोळीच्या गटात 11, बिनगोळीच्या गटात 1.

हे आकडे मी सुनेला, मुलाला कागदावर लिहून दाखवतो, कारण दोन्ही ओळी एकदम डोळ्यांसमोर असल्याशिवाय प्रश्न कळत नाही. गोळीने गुठळी जवळजवळ नाहीशी केली. पण रक्तस्रावाची किंमतही वसूल केली. नुसती बेरीज केली तर गोळीच्या बाजूला 12, दुसऱ्या बाजूला 21. मात्र बेरीज इथे फसवी आहे. मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा गुठळीच्या लकव्यापेक्षा जास्त जीवघेणा असतो, एकाला एक असं तोलता येत नाही. म्हणून हा अभ्यास करणाऱ्यांनीही सरसकट गोळी द्या असं म्हटलेलं नाही. कोणाला फायदा जास्त आणि कोणाला धोका जास्त, हे वेगळं काढायला हवं, असंच यातून निघतं.

## रक्त नेमकं कुठे सांडलं होतं?

वेगळं काढायचं कसं, याचं सगळ्यात मोठं साधन तुमच्याच फायलीत पडलेलं असतं: स्कॅनचा रिपोर्ट.

मेंदूच्या आत खोलवर रक्तस्राव झाला असेल तर कारण बहुधा चढलेला रक्तदाब. वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथल्या केसासारख्या बारीक वाहिन्या कमकुवत होतात आणि एखादी फुटते. दाब नीट आटोक्यात आणला तर पुन्हा फुटण्याचा धोका बराच कमी करता येतो.

मेंदूच्या पृष्ठभागाजवळ, ज्याला रिपोर्टमध्ये 'लोबार' म्हणतात तिथे रक्तस्राव झाला असेल, आणि माणूस म्हातारा असेल, तर एक वेगळा आजार असू शकतो. त्यात वाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठत जातं आणि भिंती ठिसूळ होतात. त्यावर अजून औषध नाही. एमआरआयमध्ये खास पद्धतीने चित्रं काढली की मेंदूच्या कडेकडेने काळे ठिपके दिसतात, मोहरी सांडल्यासारखे. प्रत्येक ठिपका म्हणजे पूर्वी कधीतरी झालेली, कुणाला न कळलेली बारीक गळती. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात, या आजारातून झालेला रक्तस्राव वर्षाला शंभरात सातेक जणांना पुन्हा होतो. इतर कारणांनी झालेला शंभरात एकाच्या आसपास. फरक केवढा बघा.

एन्रिच-एएफ नावाचा दुसरा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास इडॉक्साबॅन या गोळीवर चालू होता. 2023 मध्ये त्याच्या सुरक्षा समितीने लोबार रक्तस्रावाच्या रुग्णांना त्यात घेणं थांबवायला लावलं, कारण त्यांच्यात पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून 'शेजारच्या काकांना परत चालू केली, आमच्या बाबांना का नाही' हा प्रश्न टिकत नाही. काकांचं रक्त कदाचित दुसऱ्याच जागी सांडलं असेल.

पडून डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव हा पुन्हा निराळा विषय. तिथे पडायचं कारण शोधणं आलं, आणि गोळी परत सुरू करण्याकडे कल सहसा जास्त असतो.

## "मग मधला मार्ग म्हणून अॅस्पिरिन?"

हे फार वेळा सुचवलं जातं. अॅस्पिरिन हलकी, म्हणून सुरक्षित, असा समज आहे. एएफमध्ये हृदयात होणाऱ्या गुठळीवर अॅस्पिरिन फारशी चालत नाही. 2011 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात एएफच्या रुग्णांना एकीकडे अॅस्पिरिन आणि दुसरीकडे अॅपिक्साबॅन दिली होती. अॅपिक्साबॅनच्या गटात लकवे निम्म्याहून कमी, आणि मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखंच. हृदयाची नळी बंद होणं, स्टेंट बसवलेला असणं, अशा कारणांसाठी अॅस्पिरिन लागू शकते. पण केवळ एएफसाठी मधला मार्ग म्हणून तिचा उपयोग नाही.

## कोणती गोळी, आणि किती दिवसांनी

जुन्या गोळ्या म्हणजे वॉर्फरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारी असिनोकुमारॉल. यांच्यासाठी वरचेवर आयएनआर नावाची रक्ततपासणी करावी लागते. तो आकडा साधारण 2 ते 3 मध्ये राहिला पाहिजे. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. एका आठवड्यात रोज मेथी, शेपू, तांदळी आणि पुढच्या आठवड्यात पालेभाजी बंद, असं झालं तरी आकडा हलतो. खेड्यातून महिन्याच्या महिन्याला तपासणीला येणं जमत नाही, ही खरी अडचण आहे.

नव्या गोळ्या म्हणजे डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अॅपिक्साबॅन, इडॉक्साबॅन. यांना आयएनआर लागत नाही, आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण वॉर्फरिनच्या मानाने साधारण निम्मं. म्हणूनच पुन्हा सुरू करायचं ठरलं तर बहुधा यांतलीच एक निवडतात. मात्र मूत्रपिंडाची तपासणी करून डोस ठरवावा लागतो. जेनेरिक कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून किमती पुष्कळ उतरल्यात, जनऔषधी केंद्रात विचारून बघायला हरकत नाही.

एक मोठा अपवाद आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि त्यातून पुढे हृदयाची झडप आकसली, असे रुग्ण आपल्याकडे अजून आहेत, त्यांत चाळिशीच्या बायकाही आहेत. त्यांच्यासाठी नव्या गोळ्या चालत नाहीत. 2022 मध्ये आलेल्या, भारतासह अनेक देशांत झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा रुग्णांसाठी जुनीच गोळी सरस ठरली. धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल तरीही तेच, आणि अशा रुग्णाची गोळी फार दिवस बंद ठेवताही येत नाही. वर सांगितलेला युरोपीय अभ्यास या लोकांना लागू पडत नाही.

किती दिवसांनी सुरू करायची? अमेरिकेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांसाठी सात-आठ आठवड्यांचा सुमार दिला आहे. त्याआधी बहुतेकदा पुन्हा स्कॅन करून सांडलेलं रक्त जिरलं का ते बघतात. याचा अर्थ असा की डिस्चार्जनंतर दीड-दोन महिन्यांनी या एका प्रश्नासाठी डॉक्टरांची भेट ठरलेली असायला हवी. कागदावर तारीख नसेल तर मागून घ्या.

## गोळी झेपणारच नसेल तर

गुठळ्या बहुतेक त्या एका खोबणीतच होतात, तर खोबणच बंद केली तर? तशी सोय आहे. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि खोबणीच्या तोंडाशी छत्रीसारखं उघडणारं छोटं यंत्र बसवतात. छाती उघडावी लागत नाही. लोबार रक्तस्राव झालेल्यांसाठी हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. पण खर्च लाखांत जातो, हे काम मोठ्या हृदयरुग्णालयांतच होतं, आणि यंत्रावर गुठळी धरू नये म्हणून पुढचे काही आठवडे किंवा महिने रक्त पातळ ठेवणारं काही ना काही औषध घ्यावंच लागतं. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांत याचा नेमका किती फायदा, यावर अभ्यास चालू आहेत.

## ज्यावर कुणाचंच दुमत नाही

गोळी घ्या किंवा घेऊ नका, रक्तदाब 130/80 च्या खाली ठेवायचा. दाब उतरवला की गुठळीचा लकवाही कमी होतो आणि रक्तस्रावही. 2001 सालच्या प्रोग्रेस अभ्यासात आधी लकवा झालेल्यांचा दाब औषधाने उतरवला, तेव्हा मेंदूतला रक्तस्राव निम्म्यावर आला. इतका फायदा देणारं, इतकं स्वस्त दुसरं काही या आजारात नाही. तरीही 'आता बरं वाटतंय' म्हणून पहिली बंद होते ती दाबाचीच गोळी. घरी यंत्र आणा, सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. पापड, लोणचं, सांडगी मिरची ताटातून कमी करा. तंबाखू, मिश्री, दारू सोडणं अवघड आहे हे मला माहीत आहे. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर घरं चालतात. तरी रुग्णाने ती सोडायलाच हवी.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या दुकानातून सहज आणल्या जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्या घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, दाबही चढतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. कशाची हे ठाऊक नसलेली पुडी तर नकोच.

## आपल्या भागातली वेगळी अडचण

निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरज-सांगलीला, खानापूरचा बेळगावला नाहीतर गोव्याला. हृदयाचा डॉक्टर एका राज्यात, मेंदूचा दुसऱ्या. दोघांची गाठ कधी पडत नाही, त्यांच्यामधला दुवा म्हणजे तुमची फाईल. ती अर्धी असेल तर निर्णयही अर्धवट होतो. एका रुग्णाच्या फायलीत बिलं सगळी होती, पण स्कॅनची सीडी नव्हती. रक्त कुठे सांडलं हेच कळेना, आणि त्यासाठी मुलाला पुन्हा शंभर-सव्वाशे किलोमीटरची फेरी पडली. म्हणून डिस्चार्ज घेतानाच सीडी, रिपोर्ट, ईसीजी, इको मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मग दोन्ही डॉक्टरांना तेच विचारा: रक्त खोल भागात होतं की लोबार, कारण काय धरलंय, एएफच्या धोक्याची बेरीज किती, आणि गोळीचा निर्णय कोण कधी घेणार. एकाने दुसऱ्याला फोन करावा असं सुचवायला संकोच करू नका. बहुतेक डॉक्टर करतात.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, आणि कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. कोणत्या रुग्णालयात कोणती योजना चालते आणि कोणत्या उपचाराला, हे भरती होण्याआधीच तिथल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्यावं.

## पुन्हा काही झालंच तर

तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं बिघडलं, किंवा अचानक डोकं फुटेल असं दुखून उलटी झाली, तर घरात वाट बघत बसू नका. 108 लावा, नाहीतर गाडी काढा, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जा. वाटेत अॅस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळणार नाही. तोंडात पाणीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टी खिशात टाका आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. वॉर्फरिन-असिनोकुमारॉलचा परिणाम उलटवणारी औषधं वेगळी आणि डॅबिगॅट्रानचं वेगळं, आणि गोळी कोणती हे कळल्याशिवाय डॉक्टरांना त्यांतलं योग्य ते देता येत नाही.